चव्वेचाळीस दिवसांनंतरची दिवाळी

सोलापूरहून मराठवाड्याच्या उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर येरमाळा मागे पडले की तेरखेडा लागते. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हे गाव पाहिले असेल. येरमाळ्याची येडेश्वरी भाविकांच्या तोंडी असते. तेरखेड्याचे नाव मात्र शोभेच्या दारूशी जोडलेले आहे. फटाके, भुईनळे, आकाशात फुटणारी दारू यांच्या कारखान्यांमुळे या गावाला लोक महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. लग्नाची वरात, गावदेवीची जत्रा आणि सर्वांत अधिक म्हणजे दिवाळी, यांवर येथील कित्येक चुली पेटतात. इतरांच्या सणाचा उजेड तयार करणे हाच या गावाचा धंदा.

तेरखेडा ज्या जिल्ह्यात आहे, त्या तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सरळ रेषेत शंभर किलोमीटरांहूनही कमी अंतरावर, सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ही गावे जमीनदोस्त झाली. फटाक्याच्या गावी तो ऐन हंगामाचा काळ असतो. दिवाळी सहा आठवड्यांवर आली होती. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला सणाचा माल तयार होत होता आणि दुसऱ्या टोकाला सण करायला माणसे उरली नव्हती. भूकंपाच्या शास्त्रावर आणि पुनर्वसनावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे विचारायचा आहे तो प्रश्न लहान आहे: त्या वर्षी त्या गावांत सण आले, त्यांचे काय झाले? दुःखात बुडालेल्या घराच्या दारात जेव्हा सण येऊन उभा राहतो, तेव्हा माणसे त्याचे काय करतात?

आधी त्या रात्रीविषयी. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगावच्या गणपतींच्या मिरवणुका निघाल्या, विसर्जने झाली, आणि दमलेली माणसे उशिरा घरी येऊन झोपली. मराठवाड्यातील जुनी घरे म्हणजे माळवदाची घरे: दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असे हे घर म्हणजे संपन्नतेची खूण होती. त्या पहाटे तेच वजन अंगावर आले. गावाच्या कडेला कुडाच्या आणि गवताच्या झोपड्यांत राहणारी गरीब माणसे त्यामानाने अधिक वाचली, ही त्या घटनेतील एक कठोर गोष्ट आहे.

लातूर जिल्ह्यातील किल्लारी, मंगरूळ, तळणी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील वर सांगितलेली गावे, पेठ सांगवी, अशी दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. मृतांचा सरकारी आकडा ७,९२८ आहे. इतर काही नोंदींत तो याहून बराच मोठा दिसतो. जखमींची संख्या सोळा हजारांच्या घरात होती. भूकंपाचे धक्के मुंबई, हैदराबादपर्यंत जाणवले.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण पुढच्या सणांशी तिचा संबंध आहे. किल्लारीच्या परिसरात १९९२ च्या ऑगस्टपासूनच लहान धक्के बसत होते आणि जमिनीतून गडगडाट ऐकू येत होता. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांतील मोठा. माणसे भयभीत झाली होती, रात्री घराबाहेर झोपत होती, अर्ज-विनंत्या करीत होती. पुढे आवाज मंदावले आणि भीतीही ओसरली. दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे मोठा भूकंप व्हायचा नाही, हा समज तेव्हा शास्त्रज्ञांतही रूढ होता. म्हणजे वाचलेल्या माणसांच्या कानात वर्षभराचा गडगडाट आणि त्या पहाटेचा आवाज, दोन्ही होते. अशा कानांनी दिवाळीच्या फटाक्याचा पहिला बार कसा ऐकला असेल, याची कल्पना दूरच्या माणसाने करून पाहावी.

मृत्यू झाला की त्याच्यामागून काही विधी येतात. ते विधी म्हणजे केवळ रूढी असे मानणाऱ्यांनी ऑक्टोबर १९९३ आठवावा. प्रेते इतकी होती, आणि वर पाऊस असा लागला, की स्वतंत्र चिता रचणे अशक्य झाले. पडलेल्या घरांच्याच तुळया आणि खांब काढून सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या. ज्या छपराखाली माणूस गेला, त्याच छपराच्या लाकडाने त्याला अग्नी दिला. कोणाच्या आईला कोणी अग्नी दिला, कोणाचे मूल कोणत्या चितेवर होते, हे अनेकांना कधीच नीट कळले नाही. लगेच पितृपक्ष सुरू झाला. पंचांगाने जणू स्वतःहून पंधरा दिवस दुःखासाठी काढून ठेवले होते; पण पितरांना घास ठेवायला घर नव्हते, चूल नव्हती, आणि कित्येक घरांत पिंडदान करणाराही नव्हता.

त्यानंतर २४ ऑक्टोबरला दसरा आला. सोने म्हणून आपट्याची पाने वाटायची ती कोणाला? आणि १३ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. भूकंपाच्या पहाटेपासून मोजले तर चव्वेचाळीस दिवस.

आपल्या महाराष्ट्रात घरात मृत्यू झाला असेल तर त्या वर्षी सण धरीत नाहीत. दिवाळीला कढई चढत नाही, दारात आकाशकंदील लागत नाही, नवे कपडे घेतले जात नाहीत. पण या रूढीची दुसरी बाजू अनेकदा नजरेआड होते. ज्या घरात कढई चढत नाही त्या घरी शेजारी, भावकी आणि सोयरे फराळाचे ताट घेऊन जातात. लहान मुले उपाशी नजरेने दुसऱ्याच्या दारात उभी राहू नयेत, याची काळजी गल्ली घेते. दुःखी घर सण करीत नाही, पण सण त्या घराला वगळून पुढेही जात नाही. कित्येक ठिकाणी माहेरची माणसे विधवा झालेल्या लेकीला सणापुरती घेऊन जातात. ही व्यवस्था किती शहाणपणाची आहे! शोक करणाऱ्याला हसण्याची सक्ती नाही आणि त्याला एकटे टाकण्याचीही मुभा नाही.

ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे: गल्लीत एक घर दुःखात असते आणि बाकीची सुखरूप असतात. सास्तुरात, होळीत, किल्लारीत ते गृहीतच कोसळले होते. शेजारी स्वतःच शोकात, भावकी ढिगाऱ्याखाली, सोयरीक पाच कोसांवरच्या गावात म्हणजे तीही भूकंपाच्या पट्ट्यात. फराळाचे ताट घेऊन यायचे कोणी आणि कोणत्या दारात? दिवाळीत माणसे पत्र्याच्या शेडमध्ये होती. पाठोपाठ भाऊबीज आली. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने त्या संध्याकाळी चंद्राला ओवाळावे अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या संध्याकाळी त्या शेडांमधून किती निरांजने आकाशाकडे वळली असतील, याची गणती कोणत्याही सरकारी अहवालात सापडायची नाही.

गल्लीचे काम त्या वर्षी सबंध महाराष्ट्राने करण्याचा प्रयत्न केला. मदतीच्या गाड्या गावोगावहून निघाल्या. धान्य, ब्लँकेटे, भांडी गेली, दिवाळीच्या दिवसांत फराळाचे डबेही गेले. यात खरी माया होती. तरीही थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. गाडीतून उतरवलेला डबा आणि शेजारणीने पदराखाली झाकून आणलेले ताट यांत फरक आहे. शेजारीण ताट ठेवते, दोन घटका बसते, गेलेल्या माणसाचे नाव घेते, रडते आणि रडू देते. डबा देणारा फोटो काढून पुढच्या गावाला जातो. सणासुदीला अनाथाश्रमात मिठाई वाटायला जाणारी मंडळी आपल्यातही आहेत. त्यांतील किती जण जानेवारीत पुन्हा जातात? आपला सण निर्वेधपणे साजरा व्हावा म्हणून दुःखिताला काहीतरी देऊन मोकळे होणे, हा दानाचा एक प्रकार आहे आणि तो काही फार उंचीचा नव्हे. आम्ही स्वतःला यातून वगळीत नाही.

किनाऱ्यावरच्या आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत नाताळची रीत वेगळी नाही. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला, तेथे नाताळचे गोडधोड होत नाही. शेजारपाजारची ताटे त्या घरी येतात, आणि रिकामे ताट परत करताना त्या घरावर काही घालून देण्याचे बंधन नसते. गोव्यात नाताळात एकमेकांकडे गोड पदार्थांची ताटे पाठवण्याच्या प्रथेला 'कोंसुआद' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्याचे मूळ सांत्वन या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडले जाते. नेवऱ्या आणि दोदोल यांनी भरलेल्या ताटाच्या नावात सांत्वन दडलेले आहे, हे वर्षानुवर्षे ताट पाठवणाऱ्यांच्याही ध्यानात नसते.

ख्रिस्तसभेच्या पंचांगाकडे पाहिले तरी सण आणि शोक यांची फारकत दिसत नाही. २५ डिसेंबरला गव्हाणीतले बाळ, २६ ला पहिला रक्तसाक्षी संत स्टीफन, आणि २८ ला हेरोदाने मारवलेल्या निष्पाप बालकांचा सण. नाताळच्या अष्टाहातच, घराघरांत तारे लटकत असताना, बेथलेहेमच्या आयांचा आक्रोश उपासनेत येतो. आपण मात्र २८ तारीख बहुधा विसरतो. त्या सुमारास आपण सहलीच्या किंवा लग्नांच्या गडबडीत असतो.

२ नोव्हेंबरचा सर्व मृतांचा स्मरणदिन आपण अधिक श्रद्धेने पाळतो. दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, थडग्यांवर फुले येतात. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लुनीच्या मठाचे प्रमुख संत ओदिलो यांनी आपल्या मठांसाठी हा दिवस नेमून दिला आणि तेथून तो सर्वत्र पसरला. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात युरोपातील तरुण पिढी कापली जात असताना, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. मृतांची संख्या वाढली तेव्हा स्मरणाची मर्यादाही वाढवावी लागली. १९९३ साली हा दिवस भूकंपानंतर तेहेतिसाव्या दिवशी आला होता. दिवे लावून गेलेल्यांची नावे घेण्याचा आमचा दिवस आणि दिवे लावायचे की नाही या विवंचनेतील त्यांची दिवाळी, यांत अवघे अकरा दिवसांचे अंतर होते.

सणाच्या दिवशीच घाला पडावा, असे याआधीही घडले आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहरात भूकंप झाला तेव्हा चर्चे भरलेली होती. वेदीवरील मेणबत्त्या कोसळून आगी लागल्या, समुद्र चढून आला आणि शहर कित्येक दिवस जळत राहिले. देवाच्या मंदिरात, सणाच्या दिवशी, प्रार्थना करणारी माणसेच का, या प्रश्नाने युरोपातील विचारवंत हादरले. आपल्या आठवणीतील उदाहरण २६ डिसेंबर २००४ चे. नाताळ करून वेलंकनीला गेलेले शेकडो यात्रेकरू रविवारी सकाळी समुद्रकिनाऱ्यावर असताना त्सुनामीने गिळले. मोतमावलीच्या ज्या मंदिराशी आपल्यातील कित्येक घरांचे नवस जोडलेले आहेत, त्याच्या पायथ्याशी हे घडले. अशा घरांत नाताळचा दुसरा दिवस यापुढे कधीही निव्वळ नाताळचा राहत नाही.

किल्लारी-सास्तूरकडे परत येऊ. सणांचे ओझे सर्वांत अवघड होते ते मुलांसाठी. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. उस्मानाबाद जिल्ह्यातच, नळदुर्गला, पन्नालाल सुराणा आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी अनाथ मुलांसाठी 'आपलं घर' उभे केले. वसतिगृह चालवणाऱ्या कोणत्याही धर्मभगिनीला विचारा: अशा ठिकाणी परीक्षेचे दिवस सरून जातात, जड जाते ती सणाची सुट्टी. इतर मुलांना न्यायला कोणीतरी येते. ज्यांना न्यायला कोणी येणार नाही, त्यांचा सण ज्या हातांनी केला, त्या हातांनी फार मोठे काम केले. आणि ते एका वर्षाचे नव्हते.

पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने, डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने, भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा पुढे दीर्घ अभ्यास केला. त्या काळी आपल्या देशात आपत्तीनंतर मनाचीही शुश्रूषा करावी लागते हा विचार नवा होता. अन्न, वस्त्र, निवारा दिला की झाले, अशी सर्वसाधारण समजूत. खेड्यातील माणूस काटक असतो, तो विसरतो, असेही मोठ्या आत्मविश्वासाने बोलले जाई. खेड्यातील माणूस विसरत नाही. त्याला ऐकणारा भेटत नाही म्हणून तो बोलत नाही.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांना नवी गावठाणे मिळाली. जमिनीच्या धारणेप्रमाणे अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची पक्की घरे बांधली गेली. रस्ते सरळ, रुंद. शाळा, पाण्याच्या टाक्या. हे काम लहान नव्हते आणि त्याचा उपहास करणे अन्यायाचे होईल. पण घरे धारणेच्या हिशेबाने वाटली गेल्यामुळे जुन्या गल्ल्या मोडल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या उंबऱ्याला उंबरा लागून होता, तो शेजार गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मघाशी आम्ही ज्या फराळाच्या ताटाविषयी लिहिले, ते ताट पदराखाली झाकून अर्धा मैल कोण नेणार? काही माणसे पक्क्या घरातही छपराखाली झोपेनात; त्यांनी अंगणात पत्र्याची शेड उभारली.

गावे वसवणाऱ्यांच्या नकाशावर भिंतीची जाडी होती, नळाची जागा होती, शेजार नव्हता. तो नकाशात कसा दाखवायचा हे आम्हांलाही सांगता येत नाही. मात्र घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, शेकडो गावांतील बायकांना संवाद साहाय्यक म्हणून उभे केले. बायका घरोघर जाऊ लागल्या, बांधकामाविषयी बोलू लागल्या. दार ठोठावण्याचे एक कारण त्यांना मिळाले. सिमेंटच्या हिशेबातून सुरू झालेले बोलणे सिमेंटवरच थांबले असेल, असे आम्हांला वाटत नाही.

वर्षे सरली तसा एक वेगळाच पेच आला. स्मरण कोणत्या दिवशी करायचे? शासनाचा आणि वृत्तपत्रांचा स्मृतिदिन ३० सप्टेंबर. घरातील श्राद्ध तिथीने. पहिल्या वर्षीपासूनच हे दोन दिवस वेगळे पडले. एका दिवशी स्मारकाजवळ मानवंदना, भाषणे, पुढारी. दुसऱ्या दिवशी घरात नैवेद्याचे पान. आणि अनंत चतुर्दशी तर सबंध महाराष्ट्रात ढोल-ताशांची. ज्यांच्या घरची माणसे विसर्जनाच्या मिरवणुकीतून परत येऊन झोपली ती उठलीच नाहीत, त्यांना दरवर्षी तो ढोल कधी सप्टेंबरच्या आरंभी, कधी मध्यावर, कधी अखेरीस ऐकावा लागतो. चांद्र आणि सौर गणना एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतात. २०१२ साली अनंत चतुर्दशी पुन्हा २९ सप्टेंबरलाच आली. तारीख तीच, तिथी तीच, दुसऱ्या दिवशीची पहाटही तीच. १९९३ साली अंगावर पिणारे आणि वाचलेले मूल त्या वर्षी एकोणीस-वीस वर्षांचे होते आणि कदाचित मिरवणुकीत नाचतही असेल. त्याच्या आजीने त्याला थांबवले असेल की जाऊ दिले असेल?

आम्हांला वाटते, बहुतेक आज्यांनी जाऊ दिले असेल. शोकाचा काळ किती, हे ठरवण्याचा अधिकार शोक करणाऱ्याचाच. पण पुढच्या पिढीला सण परत देण्याचा निर्णयही त्याच घरातून यावा लागतो. तो बाहेरून लादता येत नाही. 'आता पुरे, वर्ष झाले, सण करा' असे सांगणारे नातलग आपल्याकडे पुष्कळ असतात, आणि 'एवढ्यात हसायला लागले' म्हणणारेही तेच असतात.

तेरखेड्याहून आम्ही सुरुवात केली. या गावाने स्वतःही कारखान्यांतील स्फोट पाहिले आहेत. दारू कुटताना, भरताना, वाळवताना माणसे गेली आहेत. अशा घरी दिवाळी येते तेव्हा घरचा मनुष्य ज्या वस्तूने नेला तीच वस्तू सगळ्या मुलखात आनंदाने पेटत असते. आणि बहुधा त्या घरातील दुसरे कोणीतरी पुढच्या हंगामात त्याच कामावर जाते, कारण दुसरे काम नसते. शेजारपाजारची घरेही त्याच धंद्यातली. तेथे दुखवट्याच्या घरी फराळाचे ताट घेऊन जाणाऱ्या शेजारणीच्या बोटांना दारूचा काळा रंग लागलेला असतो, आणि आपल्या घरचा माणूस त्या दिवशी संध्याकाळी परत आलेला आहे, एवढाच तिच्यात आणि त्या घरात फरक असतो.